शेवटचा ‘वं’ कापू नका

लग्नसराईत जळगावहून धुळ्याकडे निघालात तर वाटेत चार वराती लागतात आणि चारही गाड्यांवर बीट एकच असतो. वरचं अहिराणी गाणं बदलतं, खालचा किक, क्लॅप आणि मध्येच डीजेचं नाव घेणारा घोगरा टॅग मात्र तसाच. रिमिक्सवाल्यांना चोर म्हणायची पद्धत आहे. माझी तक्रार वेगळी आहे. उचलतात ते ऐकत नाहीत. अख्खं गाणं ओढायचं, कुठल्याशा तयार आवाजांच्या पॅकमधला लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) खाली सरकवायचा, झालं.

१९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या सँपलर यंत्रात सगळे सँपल, म्हणजे उचललेले आवाजाचे तुकडे, मिळून जेमतेम १० सेकंद मावायचे, तेही १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झ अशा कमी दर्जावर. लोक ३३ आरपीएमची तबकडी ४५ वर चालवून सँपल घ्यायचे आणि मशीनमध्ये परत खाली उतरवायचे, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावायचं. त्यातून येणारी खरखर नंतर हिपहॉप संगीताची ओळख होऊन बसली. आज लॅपटॉपवर जागेला तोटा नाही, म्हणून निवडायची सवयच मोडली. आपणच स्वतःला १० सेकंदांचं कुंपण घालून पाहावं, कान ताळ्यावर येतात.

आपल्याकडे कच्चा माल बहुतेक कॅसेटवर आहे. कॅसेट डेकचा हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मग हेडशेजारचा छोटा स्क्रू मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐकत हळूहळू फिरवा. ‘स’ आणि झांज जिथे सर्वांत लख्ख वाजेल तिथे थांबा. हे न करता इक्वलायझरने वरची पट्टी वाढवली तर फक्त हिस्स वाढतो. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठ्या आवाजाची पातळी (पीक) उणे १२ डीबीच्या आसपास. नॉइज रिडक्शन ६ ते ८ डीबीच्या पुढे नेऊ नका, पुढे आवाज पाण्यात बुडाल्यासारखा बुडबुडतो.

सूर हा दुसरा घोळ. कॅसेट ३ टक्के जोरात चालली की सूर जवळजवळ अर्धा सेमीटोन चढतो, मग पेटी काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लटकते आणि तुमचा सिंथ तिच्याशी भांडतो. मूळ रेकॉर्डिंग विजेवर झालं असेल तर टेपमध्ये विजेची गुणगुण अडकलेली असते, ती कामी येते. स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज ते दाखवणाऱ्या चित्रात) बघा: नेमकी ५० हर्ट्झवरची रेघ तुमच्या आजच्या डेकची किंवा केबलची, तिच्या बाजूला ५१.५ वर दुसरी पुसट रेघ दिसली तर ती टेपवरची. म्हणजे टेप साधारण ३ टक्के पुढे पळतेय. विजेच्या ग्रिडची कंपनसंख्या पूर्वी बरीच खालीवर व्हायची, त्यामुळे हे माप ढोबळच. शेवटी पेटी लावून कानाने पक्कं करा. आणि दुरुस्ती वेग बदलूनच करा. नुसता पिच शिफ्ट (वेग न बदलता सूर हलवणं) मारला तर चुकीचा वेग तसाच राहतो.

आता त्या ‘वं’कडे. अहिराणीत ओळीच्या शेवटी ‘माय वं’, ‘बाई वं’ येतं. वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून पाहिला तर व्यंजनाचा भाग अगदी थोडा, मग स्वर, आणि त्यानंतर नाकातून लांबत जाणारं शेपूट. त्यातच गाणारीचा श्वास सुटतो. सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर कापणारे नेमकं हे शेपूट छाटतात, कारण ते पुढच्या मात्रेत घुसतं. घुसू द्या. कापायचंच असेल तर वेव्ह शून्य रेषा ओलांडते तिथे कापा आणि ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू उतार) द्या, नाहीतर टिचकी ऐकू येते. आणि शेपूट ताणू नका: टाइम स्ट्रेच (सूर तोच ठेवून लांबी वाढवणं) ७-८ टक्क्यांपलीकडे गेला की अनुस्वार माशीसारखा गुणगुणतो. जागा भरायची असेल तर तोच ‘वं’ हळू आवाजात दुसऱ्यांदा ठेवा. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत हीच गाणी पुन्हा गाऊन घेतली जातात तेव्हा ‘डोया’चा ‘डोळा’ होतो, ‘काया’चा ‘काळा’ होतो. त्यापेक्षा खरखरीत कॅसेट परवडली.

वेगाचंही तसंच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर बसून गाणाऱ्या पोरीला तुम्ही खाली उभं राहून रेकॉर्ड केलं तर ती माइकजवळ येते, लांब जाते आणि आवाज फुगतो-ओसरतो. चार मीटर दोराचा झोका एक पूर्ण हेलकावा साधारण ४ सेकंदांत घेतो. कोणी बसो, जड-हलकं फारसं चालत नाही तिथे. आता हिशेब करा. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ४ सेकंदांत ८ मात्रा, चार-चार मात्रांचे दोन बार. झोक्याचा फुगवटा दर दोन बारांनी आपोआप येतो. कंप्रेसर (आवाजाचा चढउतार कमी करणारं साधन) लावून तो सपाट करणारे हातातलं सोनं मातीत घालतात. दोर ३ मीटरचा असेल तर हेलकावा सुमारे ३.५ सेकंदांचा, आणि त्याच ८ मात्रांसाठी वेग १३८ च्या आसपास. गाण्याचा वेग झोक्याच्या दोराने ठरवला तर तो बीट दुसऱ्या कुणाच्या पॅकमध्ये सापडणार नाही. पोरगी स्वतः लयीत थोडी मागेपुढे होणारच. प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर एकच वार्प मार्कर (आवाजाला मात्रेशी बांधणारी खूण) द्या, मधल्या मात्रा मोकळ्या सोडा.

डफ रेकॉर्ड करायचा तर शेकोटीपाशी उभे राहा. कातडं तापलं की ताणतं, सूर चढतो. गार झालं की उतरतो. पहिल्या आणि दहाव्या मिनिटाचे ठोके एका सँपलरमध्ये टाकले तर वाद्यं दोन वाटतात. श्रावणात कानबाईच्या उत्सवावेळी हवा दमट, तेव्हा हे आणखी लवकर होतं. एकाच शेकण्यात प्रत्येक ठोक्याचे तीन जोरांत आठ-आठ नमुने घ्या आणि सँपलरला ते आलटून पालटून वाजवायला लावा. तोच एक नमुना सोळा वेळा वाजला की डफाचं टाइपरायटर होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय) बंद करा. तो पहिल्या ठोक्याला दाबतो आणि पाठची शांतता वर उचलतो. साक्रीकडची डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) घेताना कसरत वेगळी: सूर सलग असतो, त्यामुळे लूप ध्वनिलहरीच्या पूर्ण आवर्तनांवरच बंद व्हायला हवा आणि जोडावर क्रॉसफेड (एक टोक दुसऱ्यात हळूच मिसळणं) हवा, नाहीतर दर फेरीला उचकी लागते.

स्टेम, म्हणजे तयार गाण्यातले गायन, ताल, वाद्यं असे थर, वेगळे करणारी सॉफ्टवेअरं, डिमक्स किंवा स्प्लीटर, कामाची आहेत. पण ती बहुतांशी पाश्चात्त्य पॉपवर शिकलेली. आपल्या गाण्यात पेटी गायिकेच्या स्टेममध्ये चिकटून येते, क्लॅरिनेट तर सरळ माणूस समजून व्होकलमध्ये जातो. त्यातलं व्होकल उघडं ठेवू नका, मूळ गाण्याचा पुसट थर खाली राहू द्या. आणि शेवटी एकदा मोनो करून ऐका. वरातीच्या गाडीवरचे बेस आणि टॉप बहुधा मोनोतच वाजतात. स्टिरिओ रुंद करायचं प्लगिन लावलेला आवाज तिथे निम्मा गायब होतो.

राहिला हक्काचा प्रश्न. ‘लोकगीत आहे, कोणाच्या बापाचं आहे?’ हे अर्धंच खरं. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क, गाणाऱ्याचा कलाकार म्हणून हक्क चौथा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, कलाकाराच्या हक्काला सादरीकरणानंतर ५०. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आली, म्हणून त्या शब्दांवरचा हक्क २०१२ अखेर संपला. पण कुणी त्यांना लावलेली चाल आणि तिची कॅसेट मोकळी झाली असं नाही. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग दहा सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पाच वर्षांनंतर कव्हर (तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित) करायची सोय ३१-सी कलमात आहे, तीही नव्याने गाऊन-वाजवून, आगाऊ रॉयल्टी भरून. मूळ रेकॉर्डिंग उचलायची परवानगी त्यातून मिळत नाही. सूर अर्धा चढवून यूट्यूबची ओळखयंत्रणा (कंटेंट आयडी) कदाचित चुकवता येईल, कायदा चुकत नाही.

रॉयल्टी-फ्री लूपचाही एक काटा आहे. तोच लूप दुसऱ्याने वापरून आपलं गाणं कंटेंट आयडीत घातलं की क्लेम तुमच्यावर येतो. लायसन्सची पावती, प्रोजेक्ट फाइल आणि कच्चं रेकॉर्डिंग जपून ठेवा. झोक्यावरच्या पोरीचं किंवा डफवाल्याचं रेकॉर्डिंग असेल तर त्याच दिवशी एका कागदावर त्यांचं नाव, गाव, तारीख, कशासाठी वापरणार आणि किती पैसे दिले एवढं मराठीत लिहून सही घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवतानाचाच आवाज रेकॉर्ड करा, त्याच फाइलच्या सुरुवातीला.