काजळ लावू नका

आईच्या चक्करेच्या तपासणीच्या आधी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दवाखान्यातून फोन आला: चक्करेच्या गोळ्या दोन दिवस बंद ठेवा, त्या सकाळी हलकंच खा आणि काजळ लावू नका. आई काजळाशिवाय दारात दूध घ्यायलासुद्धा जात नाही. "चक्करेचं नि काजळाचं काय?" म्हणाली. तपासताना डोळ्यांवर चढवतात त्या चष्म्यातला कॅमेरा डोळ्यातली काळी बाहुली शोधत असतो, काजळाची रेघ दिसली की फसतो, हे तिथं गेल्यावर कळलं.

त्याआधी सात महिने तिच्या गळ्यात पट्टा होता. अंथरुणात उजव्या कुशीवर वळली की खोली गरागरा फिरायची. एक्स-रे बघून कुणीतरी 'मणक्याची झीज' म्हटलं आणि विषय संपला. साठीनंतर झीज कुणाच्या एक्स-रेत नसते? तिनं रंकाळ्यावर फिरणं सोडलं, फळीवरचा डबा काढायला वर बघायची भीती बसली. एवढ्या दिवसांत तिला आडवं करून डोळे कुणीच बघितले नाहीत, याचा मला अजून राग येतो.

कान आणि डोळे एका दोरीनं बांधलेले आहेत. डोकं हललं की कान डोळ्यांना तेवढंच उलट सरकवतो, म्हणून चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते. कानानं खोटी खबर दिली की डोळे आपोआप हलतात आणि खोली फिरल्यासारखी वाटते. नजर कशावर तरी रोखली की ती हालचाल दबते, म्हणून चष्म्याच्या आत अंधार.

पडद्यावर आईचा डोळा ताटलीएवढा दिसत होता. मान ४५ अंश उजवीकडं वळवून डॉक्टरांनी तिला झपकन मागं आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेखाली. तीन-चार सेकंद काहीच नाही. मग डोळा वरच्या दिशेनं झटके देत, पिळवटत फिरायला लागला. "हेच ते! हात सोडू नको, मी पडलो बघ," आई ओरडली. वीसेक सेकंदांत सगळं शांत. कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून मागच्या अर्धगोल नळीत शिरले होते.

शेवटी दोन्ही कानांत आळीपाळीनं ३० आणि ४४ अंशांचं पाणी सोडलं, अंगाच्या उष्णतेपेक्षा सात अंश कमी, सात अंश जास्त. त्यानं नळीतला द्रव हलतो, डोळे नाचतात, आणि कुठला कान कमजोर आहे ते कळतं. व्हिएन्नात रुग्णांचे कान धुताना रॉबर्ट बारानींनी हे हेरलं. कानातल्या तोलावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. मन सुस्तावलं तर डोळेही मंदावतात, म्हणून तपासणाऱ्या ताईंनी आईला देवळांची नावं सांगायला लावली. अंबाबाई, जोतिबा, टेंबलाई, कात्यायनी, ओढ्यावरचा गणपती... आवाज कापत होता, पण थांबली नाही. दोन्ही कान सारखे निघाले.

थोडा वेळ बसवून डॉक्टरांनी तिचं डोकं टप्प्याटप्प्यानं फिरवत ते कण परत जागेवर आणले. औषध नाही, पट्टा नाही.

आठ दिवसांनी पुन्हा आडवं करून बघितलं. मी पडद्याकडं बघत मनात तीसपर्यंत मोजलं. डोळा जागचा हलला नाही. त्या दिवशी काजळ लावू नको असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी आईनं लावलं नव्हतं.