स्कॅनरचा निर्णय झाला: के-लाइन, फ्युएल ट्रिम आणि पलीकडच्या पासिंगच्या गाड्या

बरेच दिवस लांबलेलं काम मार्गी लागलं. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड फोनवर वाचून दाखवणारा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, अडीच हजारांच्या आतला. कामाला तीन प्रकारच्या गाड्या आहेत: माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, खानापूरच्या दाजींची २०१२ ची डिझेल, आणि गल्लीतल्या कुणी जुनी गाडी बघायला बोलावलं तर ती. या तिसऱ्या प्रकारामुळेच निवड अवघड झाली.

आपल्या बेळगाव भागात स्कॅनर घेण्याआधी गाडीचं साल आणि पहिलं पासिंग कुठलं ते बघावं. बीएस-४ (गाड्यांच्या धुराचा सरकारी निकष) एप्रिल २०१० मध्ये आलं ते आधी फक्त १३ शहरांत. त्यात पुणे, सोलापूर, बेंगळुरू होतं; बेळगाव नव्हतं. देशभर सक्ती झाली ती एप्रिल २०१७ पासून. ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायच्या सोयीची, अट बीएस-४ ला जोडून आली, आणि तिची पुढची पायरी ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून. म्हणजे २०११-१२ ची एकाच मॉडेलची दोन वाहनं, एक पुण्याची आणि एक निपाणीची, स्कॅनरला सारखीच बोलतील असं धरून चालता येत नाही. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट दिसला की लोक खूश होतात, पण सॉकेट असणं वेगळं आणि आत ओबीडी-२ असणं वेगळं.

पैसे घालवण्याआधी एक फुकटची तपासणी करा. टॉर्च घेऊन पायापाशी वाका, सॉकेटची धूळ पुसा आणि कुठल्या खाचांत पितळी पिना आहेत ते बघा. रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून १ ते ८, खालच्या रांगेत ९ ते १६. ६ आणि १४ मध्ये पिना असतील तर बहुतेक कॅन, म्हणजे स्कॅनरशी बोलायची वेगवान तार. ते दोन्ही रिकामे आणि ७ मध्ये पिन असेल तर के-लाइन, त्याच कामाची जुनी, संथ तार. ४ आणि ५ अर्थिंग, १६ ला बॅटरीचा थेट प्लस. माझ्या गाडीत ६-१४ आहेत. दाजींच्या गाडीत ते रिकामे, ७ भरलेला. तिथेच तीन-चारशेवाले डोंगल (सॉकेटात खोचायचे छोटे स्कॅनर) यादीतून गेले.

त्याचं कारण असं. ईएलएम ३२७ ही मूळ एका कॅनेडियन कंपनीची चिप, गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि आपला फोन यांच्यामधला दुभाष्या. पहिल्या व्हर्जनला कॉपी होऊ नये म्हणून लावायचं कुलूप लावलेलंच नव्हतं, त्यामुळे नकलांचा पूर आला. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. बाजारात ‘१.५ घ्या, २.१ घेऊ नका’ असा सल्ला सर्रास मिळतो. गंमत म्हणजे कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. डब्यावरचा आकडा कुणीही छापतो, त्यावर काय विसंबायचं? खरी अडचण ही की स्वस्त नकलांपैकी बऱ्याच कॅनवर ठीक चालतात आणि के-लाइनवर गप्प बसतात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: आयएसओ ९१४१ आणि केडब्ल्यूपी २००० (के-लाइनवरच्या दोन भाषा) चालतं का, आणि नाही चाललं तर परत घेणार का? दुसऱ्या भागाचं उत्तर जास्त महत्त्वाचं.

आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथ डोंगल घेऊ नये, जोडला जात नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्यावा. बाकी ब्लूटूथ-वायफाय वादात फार काही नाही.

हातात धरायचा, स्वतःचा स्क्रीन असलेला स्कॅनरही मनात होता. दीड-दोन हजारांपासून मिळतो, फोन लागत नाही, तेलकट हातांनी दाबता येतो. उद्यमबागेतला माझा मेस्त्री तसाच वापरतो. पण त्या किमतीच्या बऱ्याच यंत्रांत एका वेळी तीन-चार आकडेच दिसतात आणि रेकॉर्डिंग मिळत नाही. मला आलेख हवा होता, म्हणून फोन. मेस्त्रीचं मत असं: “कोड बघत काय बसालास? आधी प्लग काढून बघ की.” त्याचं अगदीच चुकीचं नाही. कोड फक्त पत्ता देतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग, एवढंच. प्लग, कॉइल की इंजेक्टर, ते आपण शोधायचं. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर चढवायची. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेली.

लाइव्ह डेटाची, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांची, किंमत मात्र पी०१७१ ने वसूल करून दिली. हा कोड म्हणतो मिश्रण पातळ आहे, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. गॅरेजमध्ये यावर सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलायचा सल्ला मिळतो. मी गाडी गरम होऊ दिली, कूलंट नव्वदच्या आसपास आलं, मग लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे ईसीयू सरासरी किती टक्के पेट्रोल वाढवतंय किंवा कमी करतंय तो आकडा. आयडलिंगला +१७ टक्के. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरली तर +४. साधारण दहाच्या आत असेल तर मी लक्ष देत नाही, सतरा म्हणजे ईसीयू सारखं जादा पेट्रोल ओतत होतं. आता हिशोब बघा: आयडलिंगला इंजिन हवा थोडीच घेतं, त्यामुळे चोरून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा दिसतो. आरपीएम वाढलं की तोच वाटा किरकोळ होतो. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलट झालं असतं, लोड वाढेल तसा ट्रिम चढला असता. म्हणजे हवा कुठूनतरी शिरत होती. कपड्यांना मारायच्या फवाऱ्याने व्हॅक्यूम पाइपांवर एकेका जागी पाणी मारत गेलो. पीसीव्हीच्या (इंजिनातल्या वाफा परत आत ओढणाऱ्या) पाइपच्या कोपऱ्यावर थेंब पडले आणि शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे त्या क्षणाचा आकडा, झपकन खाली आला. पाइप काढून वाकवला तर आतल्या वळणाला नखाएवढी चीर. नवा पाइप बसवला, सेन्सर जुनाच आहे.

एक लक्षात असू द्या: माझ्या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे, तो आत येणारी हवा मोजतो. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्या मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजून, चालतात. तिथे हा हिशोब असाच लागत नाही, गळती असेल तर आधी आयडलिंगच वाढलेलं दिसतं.

आता जुन्या गाड्या. इथे गोव्याची, कोल्हापूरची, पुण्याची गाडी बघायला जाणं नेहमीचंच. एनओसी आणि रोड टॅक्सचं गणित बाजूला ठेवू. कोड शून्य दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, विकणाऱ्याकडेही तीनशेचा डोंगल असू शकतो. तीन गोष्टी बघा. पहिली, रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का त्याची यादी: कोड पुसले की यातले बहुतेक ‘अपूर्ण’ होतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा मॉनिटर पूर्ण व्हायला बराच वेळ नीट गाडी चालवावी लागते. ‘लागू नाही’ म्हणजे ती सोयच गाडीत नाही, त्याला ‘अपूर्ण’ समजू नका. दुसरी, कोड पुसल्यापासूनचं अंतर. तिसरी, पुसल्यापासून इंजिन किती वेळा थंडावून परत गरम झालं तो आकडा. मालक म्हणतो लाइट कधी लागलीच नाही, आणि अंतर दाखवतं ६ किलोमीटर! बॅटरी काढली तरी हे आकडे बऱ्याच गाड्यांत शून्य होतात, म्हणून लगेच आरोप करू नये. बॅटरी कधी बदलली ते विचारायचं, बिल बघायचं. बिल नसेल तर दोन-तीन दिवसांनी परत येतो म्हणायचं आणि खरंच परत जायचं.

या किमतीत काय मिळत नाही, तेही सांगतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड, म्हणजे सी आणि बी ने सुरू होणारे, साध्या अॅपमध्ये सहसा येत नाहीत. बीएस-६ डिझेलचं डीपीएफ रिजनरेशन (धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळणं) हाताने सुरू करायचं असेल तर त्या ब्रँडला चालणारं महाग यंत्रच हवं. आणि डोंगल सॉकेटात कायमचा ठेवू नका. १६ नंबरच्या पिनेला गाडी बंद असतानाही करंट असतो, पावसाळ्यात आठवडाभर गाडी उभी राहिली की सेल्फ मारताना कळतं.

दाजींच्या डिझेलवर काम अजून चालू आहे. स्कॅनर जोडला जातो, कोड वाचतो, पण चोर्ला घाटाच्या चढावर मध्येच संपर्क तुटतो. के-लाइनचा वेग सेकंदाला १०,४०० बिट, कॅनचा बहुतेक गाड्यांत ५ लाख. त्यामुळे अॅपमध्ये एका वेळी दोनच आकडे ठेवलेत, आरपीएम आणि मॅनिफोल्डचा दाब. तरी तुटतोच. सॉकेटच्या अर्थिंगवर संशय आहे. पुढच्या रविवारी मल्टिमीटर घेऊन ४ आणि ५ नंबरवरचा व्होल्टेज ड्रॉप मोजणार. कुणी जुन्या डिझेलवर हा प्रकार निस्तरला असेल तर कुठला डोंगल आणि कुठली गाडी ते सालासकट सांगा.