दोन पीडीयू, दोन्ही हिरवे, तरी रॅक बंद

आमच्या प्लांटच्या सर्व्हर रूममधला मेन रॅक. दोन पीडीयू (रॅकमधल्या उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्ट्या), ए आणि बी, दोघांना वेगवेगळा यूपीएस, प्रत्येकावर १६ अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा ब्रेकर). प्रत्येक नेटवर्क स्विचला दोन पॉवर सप्लाय, लाल केबल ए ला, निळी बी ला. दिसायला एकदम नीट, ऑडिटवाले फोटो काढून घेऊन जायचे.

गेल्या महिन्यात ए च्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या, म्हणून रात्री आठला ए साइड बंद केली. एकही पिंग पडला नाही, म्हणजे सगळी उपकरणं नेटवर्कवर चालूच. मी खूश, इलेक्ट्रिशियन काकांना म्हटलं चला चहा घेऊ. चहा पिऊन परत येतोय तोवर खोलीतला पंख्यांचा आवाजच बंद. बी चा एमसीबी पडला होता!

काका टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) खिशात ठेवत म्हणाले, "अहो साहेब, दोघांचा लोड एकट्यावर टाकलात की." खरंच की. पॉवर सप्लाय लोड अर्धा अर्धा वाटून घेतात, त्यामुळे ए वर १२.१ अँपिअर आणि बी वर ११.८ दिसत होतं आणि माझा अलार्म ८० टक्क्यांना म्हणजे १२.८ ला लावलेला, तर झॅबिक्सवर (आमचं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) दोन्ही हिरवे. बेरीज २३.९, म्हणजे साडेपाच किलोवॅटच्या आसपास, ती मी कधी केलीच नाही. आणि दीडपट लोडला एमसीबी लगेच पडत नाही, आतली पट्टी तापून वाकेपर्यंत वेळ जातो, तेवढ्यात आमचा चहा झाला.

अजून एक गंमत. मी रीडिंग दुपारी लिहून ठेवायचो, तेव्हा बेरीज २२.२ यायची. रात्री जास्त का, तर पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) ८० कॅमेरे, अंधार पडला की सगळ्यांचे आयआर (इन्फ्रारेड) दिवे लागतात, एकेकाचे चारपाच वॅट धरले तरी दीड-पावणेदोन अँपिअर तिथेच गेले.

आता अर्धे पीओई स्विच आणि सर्व्हर शेजारच्या रॅकला हलवलेत (हलवताना सापडलं की एका स्विचच्या लाल आणि निळ्या दोन्ही केबल बी मध्येच खोचलेल्या, कोणी केलं कोणी सांगेना). झॅबिक्समध्ये ए अधिक बी असा कॅल्क्युलेटेड आयटम केलाय आणि १२.८ ची मर्यादा त्या बेरजेवर लावलीय. लावताना पहिल्याच मिनिटाला अलार्म बोंबलला, कारण आमचा पीडीयू एसएनएमपीवर (नेटवर्कवरून रीडिंग घ्यायची पद्धत) १२.१ ला १२१ असं पाठवतो, दहाने भागायचं राहिलं होतं.

सध्या रात्रीची बेरीज १२.४ आहे. काल सिक्युरिटीवाल्यांचा फोन आला, मागच्या गेटला अजून चार कॅमेरे हवेत. चार म्हणजे पाव अँपिअरही नाही म्हणा, पण आधीचे ८० पण असेच चार-चार करत आलेत.