दट्ट्याला जोर लावू नये

फ्रेंच प्रेस (कॉफी करायचं, जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं) आणला तेव्हा पहिला आठवडा मी नुसता चिखल प्यायलो. घरात होती ती बारीक पूड टाकली, दट्ट्या मध्येच अडला, मी जोर लावला आणि गरम कॉफी थेट शर्टावर. जाळी धातूची, बारीक पूड तिच्यात अडकते, उरलेली कपात उतरते. आता जाड मिठासारखी भरडच वापरतो.

३० ग्रॅम पूड, ४५० मिली पाणी. उकळलं की अर्धा मिनिट थांबतो. आधी थोडंसंच ओततो. ताजी पूड फसफसून फुगते, आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (शिळी ढिम्म बसून राहते.) मग उरलेलं पाणी, चार मिनिटं. वर जमलेला थर चमच्याने मोडला की गाळ आपोआप खाली बसू लागतो. हे मला फार उशिरा कळलं! दट्ट्या आता तळापर्यंत रेटत नाही, हलकेच खाली नेतो.

कागदी फिल्टर कॉफीतलं तेल अडवतो, ही जाळी अडवत नाही, म्हणून घोट दाट लागतो. सगळी लगेच ओतून घ्यायची, भांड्यात राहिली की कडू होत जाते. वैताग एकच, धुणं. जाळी सुटी केल्याशिवाय तिच्या कडेतला गाळ निघत नाही, आणि मी ते रोज उद्यावर ढकलतो.