हलत्या बेटावरचा तंबू

अमेरिकेतील मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या अटलांटिक किनाऱ्याला समांतर असे ॲसाटीग नावाचे एक चिंचोळे वाळूचे बेट आहे. त्याची लांबी सुमारे ६० किलोमीटर आहे आणि पूर्वेला उघडा महासागर, पश्चिमेला उथळ खाडी व खाजण असल्यामुळे दोन्ही पाणी एकाच सकाळी पायी जाऊन पाहता येतात. बेटावर तीन वेगवेगळ्या सरकारी यंत्रणा नांदतात. मोठा भाग राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, त्यात मेरीलँड राज्याचे एक छोटे उद्यान आहे आणि व्हर्जिनियाच्या हद्दीत शिंकोटीगचे वन्यजीव अभयारण्य आहे. गाडीने जाऊन मुक्काम करायची कॅम्पग्राऊंडे फक्त मेरीलँडच्या बाजूला आहेत. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या परिसरात राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना चेसापीक खाडीवरचा लांब पूल ओलांडून साधारण तीन तासांत तिथे पोहोचता येते. तरीही बहुतेक जण शेजारच्या ओशन सिटी या शहरातल्या हॉटेलांत उतरतात. ॲसाटीगवर तंबू ठोकून राहणे हा त्याहून कितीतरी समृद्ध अनुभव आहे असे माझे ठाम मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९५० च्या दशकात या बेटावर सुट्टीतल्या घरांची एक मोठी वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले होते. वाळूच्या टेकड्यांमधून ‘बाल्टिमोर बुलेव्हार्ड’ नावाचा डांबरी रस्ता काढण्यात आला, हजारो भूखंड पाडून विकण्यात आले आणि काही घरेही उभी राहिली. मग मार्च १९६२ मध्ये ईशान्येच्या वाऱ्यांचे एक वादळ आले आणि किनाऱ्यालगत अडकून पडले. ते अमावास्येच्या उधाणाच्या भरतीवर आले होते आणि तीन दिवसांत लागोपाठ पाच भरत्यांपर्यंत त्याने किनारा सोडला नाही. लाटा बेटाच्या या कडेवरून त्या कडेपर्यंत गेल्या, रस्ता उखडला गेला, बहुतेक घरे वाहून गेली. त्यानंतर येथे पुन्हा बांधकाम करू द्यावे की नाही यावर बरीच चर्चा झाली आणि अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने हा किनारा राष्ट्रीय संपत्ती झाला. आज ‘लाइफ ऑफ द ड्यून्स’ या पायवाटेवर चालताना त्या जुन्या रस्त्याचे डांबराचे तुकडे वाळूत अर्धवट गाडलेले दिसतात. कॅम्पग्राऊंडवर आलेल्या प्रत्येकाने तंबू लावण्याआधी ती पायवाट चालून यावे असे मला मनापासून वाटते, कारण आपण ज्या जागी दोन रात्री झोपणार आहोत ती जागा कुणाच्या तरी बंगल्याचे अंगण होता होता राहिली, हे त्या तुकड्यांइतके स्पष्टपणे दुसरे काहीच सांगत नाही.

हे बेट मुळात स्थिर नाही. मोठ्या वादळात समुद्राकडची वाळू टेकड्यांवरून ढकलली जाऊन खाडीच्या बाजूला पसरते, तिच्यावर हळूहळू खाजणातले गवत रुजते आणि पुढच्या काठाची झीज होत असताना मागचा काठ वाढत राहतो. अशा रीतीने संपूर्ण बेट पश्चिमेकडे, मुख्य भूमीच्या दिशेने सरकत असते. उत्तर टोकाला ही हालचाल फार वेगाने झाली आहे. ऑगस्ट १९३३ पर्यंत ओशन सिटी आणि ॲसाटीग ही एकच सलग पट्टी होती. त्या महिन्यातल्या चक्रीवादळाने मधोमध वाट पाडली, आणि मासेमारीच्या नौकांना समुद्रात जाण्यासाठी ती सोयीची असल्यामुळे दगडी बांध घालून ती कायमची उघडी ठेवण्यात आली. उत्तरेकडून दक्षिणेकडे किनाऱ्यालगत वाहत येणारी वाळू या बांधांपाशी अडली आणि ॲसाटीगचे उत्तर टोक वाळूअभावी इतके मागे हटले की दोन्ही किनारे आता एका रेषेत राहिलेले नाहीत. आता गाळ उपसणारे जहाज वर्षातून दोनदा थोडी थोडी वाळू आणून त्या टोकाजवळ सोडते. पलीकडे ओशन सिटीच्या उंच इमारतींसमोरचा किनारा टिकवण्यासाठीही ठरावीक वर्षांनी समुद्रतळाची वाळू पंपाने आणून टाकावी लागते. एकीकडे इमारत हलू शकत नाही म्हणून वाळूला धरून ठेवावे लागते, दुसरीकडे वाळूला हलू दिले आहे म्हणून माणसाने हलते घर आणायचे असते. या बेटाला तंबूच शोभतो असे मी म्हणतो ते या अर्थाने.

पार्कच्या व्यवस्थेतही हाच विचार दिसतो. पार्किंगच्या बऱ्याच जागांवर डांबराऐवजी शिंपल्यांचा चुरा घातलेला आहे, म्हणजे वादळाने जागा खाल्ली तरी समुद्रात डांबर जात नाही आणि नवी जागा थोडी मागे सरकवून करता येते. किनाऱ्यावरच्या सोयीही शक्यतो उचलून हलवता येतील अशाच ठेवलेल्या आहेत. राष्ट्रीय पार्कच्या कॅम्पग्राऊंडमध्ये विजेची वा पाण्याची जोडणी कोणत्याही जागेवर नाही. पिण्याच्या पाण्याचे नळ ठरावीक ठिकाणी आहेत, अंघोळीला थंड पाण्याचा शॉवर आहे आणि शौचालये बिनपाण्याची आहेत. ज्यांना गरम पाण्याची अंघोळ हवी असेल त्यांनी शेजारच्या राज्य उद्यानात जागा घ्यावी. तेथे पक्की स्नानगृहे आहेत आणि काही जागांवर आरव्हीसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीसाठी, विजेची जोडणीही आहे, मात्र ते हिवाळ्यात बंद असते. राष्ट्रीय पार्कमध्येही आरव्ही नेता येते, पण तिने आपले पाणी आणि आपली वीज सोबत आणावी लागते, आणि जनरेटर फक्त नेमून दिलेल्या वेळेतच चालवता येतो. माझा कल तंबूकडे आहे हे मी लपवत नाही, तरी वयस्क माणसांना घेऊन जाताना आरव्हीचा विचार अवश्य करावा. रात्री वारा सुटल्यावर पत्र्याच्या भिंतींचे मोल कळते आणि अंथरुणापासून समुद्राचे अंतर तेवढेच राहते.

राष्ट्रीय पार्कमध्ये जागा दोन प्रकारच्या आहेत, समुद्राकडच्या आणि खाडीकडच्या. समुद्राकडची जागा पहिल्या टेकडीच्या लगेच मागे असते. तेथून लाटा दिसत नाहीत, पण रात्रभर ऐकू येतात. टेकडीवरून चालण्यास सक्त मनाई आहे, कारण तिला धरून ठेवणाऱ्या गवताच्या मुळांवर पाय पडला की ते मरते आणि तेवढ्या जागेतून वारा वाळू उडवू लागतो. माझी आई गुहागरची. ती येथे आली तेव्हा त्या गवताच्या वाळूत लांबवर गेलेल्या आडव्या मुळ्या पाहून तिला लगेच मर्यादवेल आठवली, आणि ते खरेच होते. कोकणच्या किनाऱ्यावर मर्यादवेल जे करते तेच काम येथे हे गवत करते. खाडीकडच्या जागांवर थोडी झाडे, थोडा आडोसा आणि अप्रतिम सूर्यास्त मिळतो, आणि त्याची किंमत डासांना द्यावी लागते.

तंबू लावण्याची पद्धतही येथे वेगळी आहे. बाजारातल्या तंबूसोबत येणाऱ्या बारीक, वीतभर मेखा वाळूत धरत नाहीत. दीड फूट किंवा त्याहून लांब, रुंद पात्याच्या खुंट्या लागतात आणि त्या तिरक्या ठोकून वर ओली वाळू दाबावी लागते. त्याहूनही भरवशाचा उपाय म्हणजे कापडी पिशवीत वाळू भरून तिला तणावा बांधायचा आणि पिशवी हातभर खोल पुरायची. तंबूचे दार वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावे आणि सर्व तणावे बांधावेत, हवा कितीही शांत असली तरी. दुपारी समुद्रावरून सुटणारा वारा आधी सांगून येत नाही. जाळीच्या खिडक्यांतून बारीक वाळू आत येणारच, म्हणून दाराशी एक चादर आणि एक मऊ झाडू ठेवला की काम भागते. सावली मात्र अजिबात नाही. जुलैच्या दुपारी तंबूत बसणे अशक्य होते, आणि ताडपत्रीचे छत नेले तर त्यालाही तंबूइतक्याच बळकट खुंट्या लागतात.

जेवणाच्या बाबतीत आपल्या लोकांकडे उत्तम परंपरा आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी, मेतकूट आणि तूप एवढे नेले तर पहिला दिवस चूल न पेटवता निघतो. पुढे गॅसच्या छोट्या शेगडीवर भात आणि पिठले होते, फक्त शेगडीला वाऱ्यापासून तिन्ही बाजूंनी आडोसा हवा. शेकोटीसाठी लाकूड घरून नेऊ नये, ते स्थानिकच विकत घ्यावे, कारण लांबून आणलेल्या लाकडातून झाडे पोखरणारे किडे पसरतात. शेकोटी पाण्याने विझवावी, वाळूने झाकू नये. वाळूखाली निखारे कितीतरी तास तापलेले राहतात आणि सकाळी अनवाणी धावणारे मूल त्यावर पाय ठेवते.

आता घोड्यांविषयी. ॲसाटीगवर मोकाट घोडे आहेत, आणि बहुतेक लोक त्यांच्यासाठीच येतात. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून ते पोहत आले अशी कथा तेथे आवडीने सांगितली जाते, परंतु सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या मालकांनी कुंपणाचे कायदे आणि कर चुकवण्यासाठी बेटावर सोडलेल्या जनावरांचे हे वंशज आहेत, हे अधिक संभवते. ते अंगाने बुटके असतात आणि पोट नेहमी फुगलेले दिसते. याचे कारण त्यांचा आहार. खाजणातले खारट गवत हेच त्यांचे मुख्य अन्न असल्यामुळे त्यांना सामान्य घोड्यांपेक्षा पुष्कळ जास्त पाणी प्यावे लागते. राज्यांच्या सीमेवर कुंपण आहे आणि दोन्हीकडचे कळप वेगळे सांभाळले जातात. व्हर्जिनियाचा कळप शिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा आहे, आणि दर जुलैत तो खाडी पोहून पार करतो व त्यातल्या काही शिंगरांचा लिलाव होतो. मेरीलँडचा कळप मात्र वन्य प्राण्यांसारखा राखला जातो. त्याची संख्या बेटाच्या गवताला झेपेल एवढीच राहावी म्हणून १९९० च्या दशकात माद्यांना दुरून बाणाने गर्भनिरोधक लस टोचण्यास सुरुवात झाली.

हे घोडे कॅम्पग्राऊंडमधून आपल्याच तोऱ्यात चालत जातात. पहाटे तंबूच्या कापडापलीकडे गवत उपटून खाल्ल्याचा आवाज येतो, आणि बाहेर पाहिले तर शिंगरासह पाच-सहा घोडे टेबलाभोवती उभे असतात. त्या क्षणी आनंद होतो हे खरे, पण नियम असा आहे की त्यांच्यापासून किमान ४० फूट दूर राहायचे, आणि ते जवळ आले तर आपण मागे व्हायचे. ते चावतात, लाथा मारतात, आणि अन्नाची चटक लागली तर कूलरचे झाकणही उघडतात. म्हणून सर्व खाद्यपदार्थ बंद गाडीत ठेवावे लागतात, निव्वळ टेबलाखाली सरकवून चालत नाही. या चटकेची शिक्षा शेवटी घोड्यालाच होते. ‘चिप’ या नावाने ओळखला जाणारा एक घोडा माणसांच्या खाण्याला इतका सोकावला आणि त्यापायी इतका आक्रमक झाला की २०२२ मध्ये त्याला बेटावरून कायमचे हलवून टेक्सासमधल्या एका प्राणी-आश्रयस्थानात पाठवावे लागले. जेथे तो जन्मला, जेथे त्याचा कळप आहे, ते बेट त्याला सोडावे लागले, आणि त्यामागे कुणाकुणाने प्रेमाने पुढे केलेली बिस्किटे आणि गाजरे होती. मुलांना हे आधीच सांगावे. ऐकल्यावर ती मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे अंतर पाळतात असा माझा अनुभव आहे.

डास आणि चावऱ्या माश्या साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत असतात. वारा पूर्वेकडून, म्हणजे समुद्रावरून असेल तर समुद्राकडच्या जागांवर त्यांचा त्रास कमी होतो. तो फिरून पश्चिमेकडून वाहू लागला की खाजणातले सगळे सैन्य किनाऱ्यापर्यंत येते, आणि मग मच्छरदाणीच्या आत बसण्याला पर्याय उरत नाही. पोहण्याबाबत एवढेच की जीवरक्षक फक्त उन्हाळ्याच्या हंगामात आणि ठरावीक पट्ट्यातच असतात. समुद्राकडे ओढून नेणारे प्रवाह येथे नित्याचे आहेत. मुलांना खाडीच्या उथळ पाण्यात सोडणे केव्हाही बरे, तेथे गुडघाभर पाण्यात खेकडेही पकडता येतात.

जागेचे आरक्षण १५ मार्च ते १५ नोव्हेंबर या काळासाठी सहा महिने आधी खुले होते आणि उन्हाळ्यातले शनिवार-रविवार पाहता पाहता संपतात. वादळाचा इशारा आला की कॅम्पग्राऊंड रिकामे केले जाते, म्हणून सप्टेंबरात जाणाऱ्यांनी हवामानाचा अंदाज रोज पाहावा आणि निघण्याची सूचना मिळाल्यास लगेच निघावे. मेरीलँडच्या बाजूने बेटाबाहेर जाणारा पूल एकच आहे. माझी पसंती ऑक्टोबरच्या उत्तरार्धाला आहे. तेव्हा डास ओसरलेले असतात, दुपारी ऊन सुखद असते, घोड्यांच्या अंगावर हिवाळ्याचे दाट केस येऊ लागलेले असतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी समुद्राकडची जागा सहज मिळते. तरीही एप्रिलमध्येच तारीख धरून ठेवावी, टेकडीला लागून असलेली तंबूची जागा निवडावी, आणि लांब खुंट्या घरूनच घेऊन जाव्यात.