तुम्ही विचारलंत म्हणून: घरचा बर्गर बाहेरच्यासारखा लागतो का?

‘एवढी उठाठेव करून घरी बर्गर करता, पण तो बाहेरच्यासारखा लागतो का?’ रविवारी आमच्याकडे बर्गर असतो हे कळलं की शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्या हेच विचारतात. तर नाही, लागत नाही. लागावा असं मला वाटतही नाही. मोठ्या दुकानांतला बर्गर बाराही महिने एकाच चवीचा असतो, त्यांना तो तसाच हवा असतो. आमचा डिसेंबरात एक लागतो आणि मे महिन्यात दुसराच, कारण त्याची चव नागपुरातल्या गोकुळपेठच्या बाजारात त्या दिवशी काय ताजं आलंय त्यावर ठरते.

आधी खिम्याचं सांगते, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. अमेरिकेत हॅमबर्गर गाईबैलांच्या मांसाचा करतात आणि त्या मांसात चरबी भरपूर असते. आपलं बोकडाचं मटण तसं कोरडं. नुसता मांडीचा लाल खिमा आणला तर तव्यावर त्याची चिवट चकती होते. म्हणून खांद्याचं मटण घ्यायचं, 1 किलोत साधारण 200 ग्रॅम चरबी येईल असं सांगायचं, आणि खिमा जाड, एकदाच काढून घ्यायचा. घरी आणला की सरळ फ्रीजमध्ये. चरबी हाताच्या उबेनं वितळायला लागली तर गोळे तुपकट होतात आणि सगळा रस तव्यावर वाहून जातो.

खिम्यात मी कांदा, अंडं, आलं-लसूण काही घालत नाही. माझे सासरे नागपूरच्या झणझणीत सावजी रश्श्यावर वाढलेले. ते म्हणाले, ‘मसालाच नाही घालत, तर मंग हे करून कायले राहिली तू?’ मसाला घातला की त्याचा कबाब होतो, असं माझं म्हणणं. कबाब मलाही आवडतो, पण तो पावात कोंबू नये. त्यांचं मन राहावं म्हणून तिखटाचं खातं त्यांच्याकडेच दिलं. भिवापूरची मिरची कोमट पाण्यात भिजवून, लसूण आणि मीठ घालून ते खलबत्त्यात स्वतः कुटतात. मिक्सरला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं खरं आहे. कुटलेल्या चटणीत मिरचीचे तुकडे दाताखाली येतात, मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो.

मिठाचं मात्र सगळ्यांनी ऐकावं. मीठ खिम्यात कालवलं की मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि पॅटी रबरासारखी घट्ट होते. गोळे वळून, चपटे करून, तवा तापल्यावर टाकायच्या क्षणी वरून मीठ आणि मिरपूड भुरभुरायची. चपटे करायचं काम मुलीचं. पावापेक्षा बोटभर मोठी चकती, आणि मध्ये अंगठ्यानं खळगा. भाजताना कडा आक्रसतात आणि मधला भाग फुगतो, खळगा असला की पॅटी सपाट राहते. तिच्या अंगठ्याचा ठसा लोखंडी तव्यावर टाकताना स्पष्ट दिसतो, उलटेपर्यंत भरून जातो. उलथन्यानं दाबायचं नाही. परदेशात आतून लालसर ठेवतात, ते आपण करू नये. खिमा काढताना वरवरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे.

सासूबाई माळकरी. त्यांचा तवा वेगळा आणि पॅटीही वेगळी, हिवाळ्यात ती तुरीच्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची. शेंगा सोलायला मुलगा गच्चीवर उन्हात बसतो, सोलता सोलता निम्मे दाणे तोंडात. सोले वाफवून जाडसर ठेचायचे, एखादा उकडलेला आलू, हिरवी मिरची, मूठभर सांभार (कोथिंबीर), आणि धरून ठेवायला भाजलेलं बेसन. मटणाची पॅटी खाणारेसुद्धा यातली एक उचलतातच. दुकानातल्या आलू टिक्कीत मला पीठच लागतं. सोल्यांत दाणा लागतो आणि जराशी गोडीही.

आता माझ्या जिव्हाळ्याचं, सोबत काय असतं ते. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्यातली, संत्री असतात. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचा आणि घट्ट पिळून काढायचा. न पिळता दही घातलं की वाटीच्या तळाशी पाणी जमतं आणि ताटभर पसरतं. मग त्यात चक्का, चिमूटभर मोहरीची पूड आणि अगदी वाढताना संत्र्याच्या फोडी. फोडींचा पापुद्रा काढायचा, बिया तर काढायच्याच, एक जरी चावली गेली तरी तोंड कडू होतं. मटणाची चरबी जिभेवर साचलेली असते, ती या आंबटगोडानं धुऊन निघते. पुन्हा पहिल्यासारखा घास घ्यावासा वाटतो. हे बर्गरच्या दुकानात मिळत नाही, आणि नागपुरात राहून आपण ते करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. संत्र्याची बर्फी करतो, रस काढतो, पण जेवणाच्या ताटात संत्रं येतच नाही.

आलू यांच्याकडे, म्हणजे नवऱ्याकडे. बोटाएवढे तुकडे, पाणी नितळ होईपर्यंत धुतलेले, मग थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धवट उकडलेले. व्हिनेगरमुळे तुकडे मऊ होऊनही मोडत नाहीत. फडक्यावर पूर्ण कोरडे करून दोनदा तळायचे, आधी मध्यम आचेवर, मग कडकडीत तेलात. फ्रीजमधले आलू घेऊ नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतात.

पाव मी घरी करते, पण बेकरीतले आणले तरी चालतील, फक्त लोण्यावर भाजून घ्या. घरी करायचे तर 500 ग्रॅम मैद्याला 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, कोमट दूध, थोडं लोणी, मीठ-साखर. थंडीत कणीक उठता उठत नाही, म्हणून पातेलं झाकून गच्चीवर उन्हात ठेवते.

टेबलावर सगळं वाट्यांत मांडायचं आणि ज्याचा त्यानं रचून घ्यायचं. सासरे चटणी खालच्या पावाला लावतात, सासूबाई लिंबात मुरवलेल्या कांद्याचा ढीग करतात. मुलाला टमाटर नको असतं, पण जवसाची चटणी भुरभुरलेली काकडी तो वाटीभर संपवतो. पॅटी तव्यावरून सरळ पावात, त्यात दोन मिनिटं जरी गेली तरी फरक पडतो. पार्सलमध्ये पाऊण तास वाफाळलेल्या बर्गरशी तुलना कशी करणार?

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तळणीसमोर कोणाला उभं करायचं नाही. तेव्हा आलू बाद, सोले नसतातच. सासूबाईंची पॅटी मिश्र डाळींची होते, वडा-भाताच्या वड्याला भिजवतो तशीच भरड. संत्र्याच्या जागी किसलेली कैरी, थोडा गूळ आणि पुदिना. मटणाऐवजी कोंबडीच्या मांडीचा खिमा, छातीचा नको, तो कोरडा पडतो. पाव मात्र या दिवसांत बघता बघता फुगतात, तिकडे लक्ष ठेवा. पहिल्यांदाच करणार असाल तर डिसेंबरातला रविवार धरा, आणि खिमा सकाळी लवकर आणा. दुपारपर्यंत खांद्याचं मटण संपलेलं असतं.