तुम्ही विचारलंत म्हणून: टाचणीही न ओढणारा चुंबक

"साधी टाचणी ओढत नाही तो स्फटिक, मग त्यात चुंबकीय असं तुम्ही बघता तरी काय?" अशा स्फटिकांवर लेझर सोडून त्यातल्या चुंबकीय लाटा बघणं हे माझं काम. ते सांगितलं की हा प्रश्न हमखास येतो.

प्रश्न रास्त आहे. असा स्फटिक म्हणजे अँटिफेरोमॅग्नेट. त्यात शेजारशेजारच्या अणूंचे स्पिन, म्हणजे अणूंमधले इवले चुंबक, उलटसुलट असतात, त्यामुळे बाहेर शिल्लक शून्य. पण एक स्पिन डळमळला की शेजारीही डळमळतो आणि लाट स्फटिकभर पसरते. या लाटेचा पुंज, म्हणजे तिच्या ऊर्जेचा सगळ्यात लहान तुकडा, म्हणजे मॅग्नॉन. आत सोडलेल्या लेझरच्या प्रकाशातला अगदी नगण्य भाग मॅग्नॉनला ऊर्जा देतो आणि रंग किंचित बदलून बाहेर येतो. रामन परिणामच हा, फक्त अणूंच्या कंपनांऐवजी स्पिनांचा. स्फटिक विद्युतरोधक असला की बरं, प्रकाश खोलवर पोचतो.

१९६६ साली भौतिकशास्त्रज्ञ फ्लूरी आणि सहकाऱ्यांनी आयर्न फ्लोराइडमध्ये हे पहिल्यांदा पाहिलं. बाहेर आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात एक रेषा ५२ सेमी⁻¹ वर (प्रकाशाने किती ऊर्जा दिली, ते मोजायचं हे एकक), दुसरी १५४ वर. पहिली एकट्या मॅग्नॉनची, दुसरी जोडीची. मग जोडीची रेषा १०४ वर का नाही? माझा जीव अडकलाय तो इथेच.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या हजारपट असते. म्हणून त्याच्याकडे द्यायला संवेग नगण्य, आणि एकटा मॅग्नॉन दिसतो तो फक्त लांबच लांब लाटेचा. जोडीला हे बंधन नाही. एक मॅग्नॉन इकडे, दुसरा तेवढ्याच संवेगाने तिकडे, बेरीज शून्य. त्यामुळे आखूड लाटाही हजेरी लावतात, आणि संख्येने त्याच जास्त. आखूड लाटेची ऊर्जा जास्त, प्रत्येकी साधारण ७७, म्हणून १५४. मुळात होतं काय, तर प्रकाश शेजारच्या दोन उलट स्पिनांची अदलाबदल घडवतो. म्हणजे त्या दोघांमधली ओढ किती, हे ती रेषा थेट सांगते.

स्फटिक तापवत नेला की खरी गंमत. (७८ केल्विनला आयर्न फ्लोराइडमधली स्पिनांची उलटसुलट शिस्त मोडते. द्रव नायट्रोजन ७७ चा, तो पुरत नाही, हेलियमच लागतो.) कंपनांच्या रेषा जागच्या जागी राहतात. एकट्या मॅग्नॉनची रेषा घसरत घसरत शून्याकडे जाते. जोडीची मात्र पसरट होते, सरकते, आणि ७८ ओलांडल्यावरही पुसट उंचवटा उरतोच. स्फटिकभरची शिस्त गेलेली असते, पण शेजाऱ्याला शेजारी अजून उलटाच धरून असतो.